ओढलं की वर

लग्नाला चार महिने झाले तरी बसम्माला काय आवडतं हे गुरुसिद्धला कळलेलं नव्हतं. काहीही विचारलं की एकच उत्तर यायचं, "चालतंय."

वांगी आणू का दोडका? चालतंय. खिडकीकडं निजतीस का भिंतीकडं? कुठंबी चालतंय. दिवाळीला साडी घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं गादीवर दहा-बारा साड्या उलगडून टाकल्या. बसम्मानं सगळ्यात वरची उचलली आणि म्हणाली, "हीच द्या. बाकीच्यांची घडी घालायचा तरास किती त्यास्नी."

गुरुसिद्ध एक्केचाळीस वर्षांचा होता. मंगळवार पेठेत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं राहतं घर, मधे एक दार. पहिली बायको गौरव्वा काविळीनं गेली त्याला चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मागं लागून हे दुसरं लग्न जुळवलं. बसम्मा नेसरीची. ऐन लग्नाच्या वयात तिची आई अंथरुणाला खिळली ती पंधरा वर्षं उठली नाही. बाप आधीच गेलेला, भाऊ लहान. आईचं दुखणं, भावाची शाळा, शेतावरची भाकरी, विहिरीचं पाणी, सगळं तिच्याच अंगावर. आई गेली, मग भावानं स्वतःचं लग्न केलं, आणि मग बहिणीचं. तोवर ती तेहेतीस वर्षांची झाली होती.

कामाला वाघ होती. घर लख्ख ठेवायची, वेळेवर जेवायला वाढायची, कुणाला उलटून बोलायची नाही. पण गुरुसिद्धला वाटायचं, आपल्या घरात कुणी पाहुणी येऊन राहिलीय. आणि पाहुणी तरी कधीतरी मीठ मागून घेते.

त्या साली, म्हणजे शहाऐंशी साली, रेडिओचं काम फार कमी झालं होतं. ज्याच्या त्याच्या घरात टीव्ही आला होता. जयसिंगपूरचा एक माणूस जत्रांतून व्हिडिओ गेमचं मशीन फिरवायचा, तो धंदा बंद करत होता. गुरुसिद्धनं त्याच्याकडून ते जुनं मशीन आणून दुकानात उभं केलं. कपाटाएवढी लाकडी पेटी, वर पडदा, खाली एक दांडी आणि एक लाल बटण. पडद्यावर एक छोटं विमान उडायचं. खाली डोंगर, वर ढग, मधून पक्षी यायचे. कशालाही धडकलं की खलास. पेठेत सगळे त्याला 'इमान' म्हणायचे. कॉलेजची पोरं यायची, कारखान्यातली माणसं यायची. एसटीतला कंडक्टर जोतीराम तर ड्यूटी संपली की खाकी कपड्यातच हजर व्हायचा.

एके दिवशी दांडीनं दगा दिला. विमान खाली जायचं, वर येईना. दुपारी दुकान बंद करून गुरुसिद्धनं पेटीचं मागचं दार उघडलं आणि डोकं आत घातलं. दांडीच्या बुडाशी तांब्याच्या पत्त्या होत्या. दांडी हलली की एक पत्ती दुसरीला टेकायची. वरची एक झिजली होती. ती त्यानं घासून, वाकवून नीट केली. आता समोरून कुणीतरी दांडी हलवायला हवी होती.

"बसम्मा, जरा हिकडं ये गं!"

ती पदराला हात पुसत आली.

"ती दांडी धर. मी वर म्हटलं की इमान वर न्ह्यायचं. कर, वर!"

तिनं दांडी हलवली. आत गुरुसिद्धनं पाहिलं, तर नीट केलेली पत्ती जागची हलली नव्हती. भलतीच टेकली होती.

"वर म्हटलं की!"

"वरच न्हेतोय की मी," बसम्मा म्हणाली.

त्यानं पुन्हा पत्ती वाकवली. "हां, आता वर!" पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा तो घामानं निथळत डोकं बाहेर काढून पुढं आला, आणि बघतच राहिला. बसम्मानं दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि पोटाशी ओढली होती. चांगली पाय रोवून.

"अगं, ओढालीस कशाला? वर जायला फुडं ढकलायचं असतंय."

"व्हय?" ती गोंधळली. "पर वर आणायचं म्हंजे ओढायचंच न्हवं? हिरीवर दोर ओढला की घागर वर येती. सोडला की खाली जाती."

गुरुसिद्धला हसू आलं. "ही हीर न्हवं. हितं फुडं म्हंजे वर."

"बरं," ती लगेच म्हणाली, "चालतंय."

मशीन सुरू करून त्यानं तिला खेळून बघायला लावलं. मघापासून त्याच्या हाताखाली राबली होती, बिचारीला गंमत तरी कळू दे, असं त्याच्या मनात आलं. विमान डोंगराजवळ आलं. बसम्मानं गडबडीनं दांडी ओढली, विमान डोंगरात घुसलं. दुसऱ्या वेळी ती पुटपुटत होती, "फुडं म्हंजे वर, फुडं म्हंजे वर." पण डोंगर दिसला की हात आपोआप मागं यायचे. पाच वेळा विमान फुटलं. पाचव्या वेळी तिनं दांडी सोडली, अपराध्यासारखे हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "मला न्हाय जमत. ऱ्हाऊंदे. चालतंय."

ते 'चालतंय' गुरुसिद्धला त्या दिवशी बोचलं. पंधरा वर्षं रोज दोर ओढलेले ते हात. त्यांना आता पाच मिनिटांत नवीन शिकवायचं, आणि नाही जमलं तर तिनंच ओशाळायचं! त्याच्या मनात आलं, इथं आहे काय? दोन वायरी तर आहेत. एक पिवळी, एक निळी.

"थांब, जाऊ नकोस," तो म्हणाला.

त्यानं स्टोव्हवर डाग द्यायचा काविया तापवला, दोन्ही वायरी सोडवल्या आणि पिवळीच्या जागी निळी, निळीच्या जागी पिवळी जोडली. रॉकेलचा आणि राळेचा वास सुटला. बसम्मा दारात उभी राहून बघत होती.

"आता ओढ."

डोंगर आला. तिनं दांडी ओढली आणि विमान सुळकन वर गेलं. डोंगराच्या माथ्यावरून पलीकडं. बसम्माच्या तोंडून "हां!" असा आवाज निघाला. पक्षी आले, तिनं दांडी पुढं सोडली, विमान खाली आलं. पुन्हा डोंगर, पुन्हा ओढ. तिची जीभ दातांत आली होती, पदर खांद्यावरून घसरला होता, आणि तिला त्याचं भान नव्हतं. विमान फुटलं तेव्हा ती वळून हसली. मोठ्यानं, दात दाखवून. चार महिन्यांत गुरुसिद्धनं तिचं हसू असं पाहिलंच नव्हतं.

"अजून एकदा लावता?" तिनं विचारलं.

ते तिचं पहिलं मागणं होतं.

संध्याकाळी जोतीराम आला, आणि पाच मिनिटांत त्याचा आरडाओरडा सुरू झाला. "गुरुसिद्धअण्णा, ह्ये काय करून ठेवलासा! इमान उलटं झालंय की वो! वर न्ह्यावं तर खाली चाललंय!"

वायरी पूर्ववत करायच्या राहूनच गेल्या होत्या. गुरुसिद्धनं त्याची समजूत घातली, वायरी फिरवल्या. दुसऱ्या दुपारी पुन्हा तिच्यासाठी उलट जोडल्या, चारला दुकान उघडायच्या आधी सुलट केल्या. असं चार-पाच दिवस चाललं. मग त्यानं जुन्या रेडिओतला एक दोन बाजूंचा स्विच काढून दांडीच्या फळीखाली, दिसणार नाही असा बसवला. एका बाजूला केला की गिऱ्हाइकांचं, दुसऱ्या बाजूला केला की बसम्माचं.

"दोघांचं बी भागलं," तो म्हणाला.

बसम्मा खाली वाकून तो स्विच बघत राहिली. "माझ्यासाठी येवढं कशाला?" असं काहीतरी ती म्हणणार असं त्याला वाटलं. पण बोटानं तिनं स्विच एकदा इकडं केला, एकदा तिकडं.

दुपारचा तो एक तास मग त्या दोघांचा झाला. ती खेळायची, तो शेजारी स्टुलावर बसून बघायचा. खेळताना ती बोलायची. नेसरीची विहीर किती खोल, उन्हाळ्यात घागर बुडायला किती वेळ लागायचा, आई आतून हाका मारत असायची तेव्हा दोर किती झरझर ओढायला लागायचा. एरवी एकेक शब्द विचारून काढावा लागे, पण दांडी हातात असली की ती आपण होऊन सांगे.

एका दुपारी अक्का मागच्या दारानं आली. दुकानातून मशीनचा टींटीं आवाज ऐकून तिनं मधलं दार उघडलं, आणि भावजय पाय रोवून विमान उडवताना तिला दिसली. अक्का ओरडली नाही. पण म्हणाली, "गौरव्वा हुती तवा ह्या वक्ताला शेंगा फोडाय बसायची. घर कसं लावून दिलंया तिनं, बघ जरा."

एवढंच बोलून ती गेली. दुसऱ्या दुपारी बसम्मा दुकानात आली नाही.

"का गं?" गुरुसिद्धनं विचारलं.

"अक्का म्हणत्यात ते खरं हाय. न्हाय खेळलं तरी चालतंय मला."

ती स्वयंपाकघरात होती. बोलता बोलता तिनं पायानं पाट ओढला, त्यावर चढली, टाचा उंचावल्या आणि वरच्या फळीवरचा मिठाचा डबा काढला. मग उतरली, चिमूट घातली, पुन्हा चढली, डबा वर ठेवला. गुरुसिद्ध दारात उभा होता. हे त्यानं रोज पाहिलं होतं, तरी आज पहिल्यांदा ते त्याच्या ध्यानात आलं. गौरव्वा उंच होती. फळी तिच्या हाताला येईल अशी त्यानंच ठोकून दिली होती. ही चार महिने, दिवसातून वीस वेळा, पाटावर चढत-उतरत होती.

"ही फळी खाली घिऊया," तो म्हणाला.

"ऱ्हाऊंदे की. हाय तिथं चालतंय."

"चालतंय म्हणू नकोस!" त्याचा आवाज चढला. एवढा चढला की तो स्वतःच दचकला. "सगळंच कसं चालतंय तुला? तुला काय पायजे ते एकदा तरी सांगशील का न्हाय?"

बसम्मा पाटावर बसली. मग खाली बघून म्हणाली, "काय सांगू? मला म्हाईतच न्हाय. अव्वाला सोसंल तसं मीठ घालायचं, तम्माची शाळा सुटंल तवा जेवायचं. मला काय आवडतंय ह्ये कुणी इचारलं न्हाय, मग मी बी इचारलं न्हाय. आता तुमी रोज इचारता. मला भ्या वाटतं. कायतरी सांगावं आन् ते चुकीचं निघावं."

अव्वा म्हणजे तिची आई, तम्मा म्हणजे धाकटा भाऊ चनबसाप्पा.

गुरुसिद्धचा राग कुठल्या कुठं गेला. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "दांडीचं कसं सांगितलीस मग?"

"ते मी कुठं सांगितलं? ते हाताला म्हाईत हुतं."

"मग हातालाच इचारू की."

दुकानातून तो खडू घेऊन आला. तिला चुलीसमोर उभं केलं. "डोळं मिट. आता मीठ घ्यायचंय. फळीबिळी सगळी इसर. हात जाईल तिथं जाऊंदे."

"काय तरीच तुमचं," ती म्हणाली, पण तिनं डोळे मिटले. थोडा वेळ हात तसाच राहिला. मग सावकाश उजवीकडं गेला, खांद्याच्या जरा खाली, आणि भिंतीला टेकला. गुरुसिद्धनं तिथं खडूची रेघ मारली. जुनी फळी होती डावीकडं, हातभर उंच. बसम्मानं डोळे उघडले, रेघ बघितली आणि ती रडायला लागली. गुरुसिद्धनं तिला रडू दिलं. मग हातोडी आणली.

त्यानंतर सगळं एकदम बदललं असं नाही. 'चालतंय' येतच राहिलं. पण मधेच कधीतरी ती थांबायची, जरा विचारात पडायची, आणि म्हणायची, "सकाळचा रेडिओ जरा हळू लावता?" किंवा "दोडका नगो, मला त्येचा वास सोसत न्हाय." दोडका तिनं चार महिने निमूट खाल्ला होता. आणि दुपारी ती पुन्हा मशीनसमोर उभी राहू लागली. अक्का आली तर म्हणायची, "बसा, अक्का. येवढं इमान फुटलं की आलो."

पौषात चनबसाप्पा नेसरीहून आला. बरोबर गुळाची ढेप आणि नव्या तांदळाचं गाठोडं. अक्काही आली होती. जेवणं झाल्यावर तो गुरुसिद्धला म्हणाला, "दाजी, घरात बाळंतपण आलंय. बसक्काला घिऊन जातो. तीन-चार म्हैनं. बाळंतीण जरा सावरली की आणून सोडतो."

"न्हे की," अक्का म्हणाली. "तिला सवय हाय बाळंतिणीची, आजाऱ्याची."

गुरुसिद्धच्या ओठांवर 'न्हाय' आलं होतं. तो गप्प बसला. आपण नाही म्हणालो तर तेही तिला चालेल, हे त्याला माहीत होतं, आणि तेच त्याला नको होतं. त्यानं बसम्माकडं बघितलं. ती तांदूळ निवडत होती. तिची बोटं थांबली होती.

"तम्मा," ती म्हणाली, "मी आठ दिस येतो."

"आठ दिसांत काय हुतंय, बसक्का?"

"बाळंतपण हुतंय. फुडं तुझ्या सासूला बोलीव."

"त्यास्नी न्हाय जमायचं."

"इचारलास?"

चनबसाप्पा घुटमळला. "न्हाय. तू हाईस म्हणून..."

"मला बी कुणी इचारलं न्हवतं, तम्मा." तिनं सूप खाली ठेवलं. "अव्वाचं केलं, तुझं केलं. ते माझंच हुतं, त्याचं मला वाईट न्हाय. पर आता मला हितं ऱ्हायाचं हाय. मला हितं आवडतं."

गुरुसिद्ध उठला आणि दुकानात काहीतरी राहिलंय असं पुटपुटत मधल्या दारातून बाहेर गेला. दुकानात काहीच राहिलेलं नव्हतं. तो एका उघड्या रेडिओसमोर डोळे पुसत उभा राहिला.

परत आत आला तेव्हा चनबसाप्पा बहिणीच्या शेजारी बसून तांदळातले खडे वेचत होता. "आठ दिस तर आठ दिस," तो मान खाली घालून म्हणत होता. "माझ्या ध्यानातच आलं न्हाय गं, बसक्का." अक्का बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली होती. शेवटी तिनं विचारलं, "डिंक हाय का घरात? लाडू मी करून देतो. रिकाम्या हातानं बाळंतिणीकडं जाऊ नगं."

बसम्मा गेली. आठव्या दिवशी गुरुसिद्ध दुपारीच दुकान बंद करून एसटी स्टँडवर जाऊन उभा राहिला. कोणत्या गाडीनं येणार हे तिनं कळवलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. नेसरीकडच्या, गडहिंग्लजवरून येणाऱ्या दोन गाड्यांत ती नव्हती. तिसरीतून ती उतरली. केसांवर धूळ, हातात गाठोडं, डोळ्यांखाली जागरणाच्या खुणा.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "नाक अव्वावाणी हाय. तम्माची सासू बी आली. इचारल्याबरोबर आली बघा."

त्यानं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. स्टँडबाहेर उसाच्या रसाचा गाडा होता. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते.

"रस घ्यायचा?" त्यानं विचारलं.

"घिऊया की. लई तहान लागलीया."

गाडेवाला ऊस दुमडत म्हणाला, "आलं घालू का, पावणं?"

गुरुसिद्धनं बसम्माकडं बघितलं. ती विचार करू लागली. खराखुरा विचार. गाडेवाल्याचा हात चाकावर थांबला होता, मागं तीन माणसं ताटकळत होती. तिनं घाई केली नाही.

"माझ्यात आलं नगो," ती म्हणाली. "लिंबू जास्ती पिळा. ह्यांच्यात आलं घाला."

दोन गिलास आले. तिनं एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि तिचं तोंड जरा वाकडं झालं.

"काय झालं?"

"चुकलं माझं," बसम्मा म्हणाली, आणि हसायला लागली. "आलंच पायजे हुतं."

गुरुसिद्धनं आपला गिलास तिच्या हातात दिला आणि तिचा आपण घेतला.